फोन रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरीचं नेमकं काय होतं?

विचारलेले प्रश्न थोडक्यात असे: रात्रभर चार्जिंगने बॅटरी खराब होते का, २० ते ८० टक्क्यांचा नियम खरा का, फास्ट चार्जिंगने आयुष्य घटतं का, २५ टक्के दिसत असताना फोन अचानक का बंद पडतो, १०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) पॉवरबँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा का भरत नाही, आणि बॅटरी फुगली तर काय करायचं. प्रश्न सहा असले तरी मूळ एकच आहे. बॅटरी झिजते ती किती व्होल्टेजला, किती तापमानात आणि किती वेळ राहिली यावर. हे नीट कळलं की बहुतेक उत्तरं आपली आपण काढता येतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

फोनच्या बॅटरीत लिथियम-आयन सेल असतो. त्याच्या पोटात दोन लांब पट्ट्या असतात, एकमेकींवर गुंडाळलेल्या किंवा थर लावून रचलेल्या. एक पट्टी तांब्याच्या पातळ पत्र्याची, तिच्यावर ग्रॅफाइटचा लेप. दुसरी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, तिच्यावर धातूच्या ऑक्साइडचा लेप. फोनमध्ये हे बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं. दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा बरीच कमी. हे सगळं कार्बोनेट जातीच्या सेंद्रिय द्रावकात भिजलेलं असतं आणि त्यात लिथियमचा क्षार विरघळलेला असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, फोन वापरताना परत येतात. ऑक्साइडची बाजू जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये दाखवली, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये शुद्ध लिथियम धातूऐवजी कार्बन वापरून सेल सुरक्षित केला, सोनीने १९९१ मध्ये तो बाजारात आणला. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांना मिळालं ते याच कामासाठी.

झीज सुरू होते ती ग्रॅफाइटवर. पूर्ण चार्ज झालेलं ग्रॅफाइट इतकं क्रियाशील असतं की त्याला टेकलेला द्रव टिकू शकत नाही. तो विघटित होतो आणि पृष्ठभागावर एक घट्ट थर धरतो. तापवलेल्या दुधावर साय धरावी तसं. हा थर हवाच. तो नसेल तर द्रव सतत विघटित होत राहील. पण तो तयार होताना लिथियम खातो. कारखान्यातल्या पहिल्या चार्जिंगमध्येच एकूण लिथियमचा साधारण ५ ते १० टक्के भाग यात खर्ची पडतो. पुढे थर जाड होण्याचा वेग मंदावतो, पण थांबत कधीच नाही. प्रत्येक चार्जिंगला ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगतं आणि रिकामं होताना आकसतं. त्या ताणाने थराला बारीक चिरा पडतात, चिरांत नवा थर धरतो आणि आणखी थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. अडकलेलं लिथियम म्हणजेच गमावलेली क्षमता. "बॅटरी हेल्थ ८७ टक्के" या आकड्यामागे मुख्यतः हाच हिशेब असतो.

दुसऱ्या बाजूला, व्होल्टेज वर गेलं की ऑक्साइडची स्फटिकरचना ताणली जाते आणि तिथेही द्रवाचं ऑक्सिडीकरण होऊन थोडा थोडा वायू बनतो. जुन्या सेलची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट होती. आताचे फोन जास्त क्षमता मिळवण्यासाठी ४.४ ते ४.४५ व्होल्टपर्यंत जातात. म्हणजे १०० टक्क्यांवरचा मुक्काम आता पूर्वीपेक्षा जास्त महाग पडतो. आणि या सगळ्या रासायनिक क्रिया आहेत, त्यामुळे तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की त्यांचा वेग जवळपास दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ठोकताळा इथेही बऱ्यापैकी लागू पडतो. फोन नुसता पडून असला तरी ही झीज चालूच राहते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता रात्रभर चार्जिंग. "ओव्हरचार्ज" होईल ही भीती मनातून काढून टाका. चार्जिंग दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात ठरलेला विद्युतप्रवाह जात राहतो आणि सेलचं व्होल्टेज हळूहळू चढतं. मर्यादा आली, समजा ४.४ व्होल्ट, की दुसरा टप्पा: व्होल्टेज तिथेच धरून ठेवलं जातं आणि प्रवाह आपोआप कमी होत जातो. ५,००० एमएएचच्या सेलमध्ये तो साधारण पाव अँपिअरपर्यंत उतरला की चार्जिंग बंद होतं. शेवटचे १० टक्के भरायला इतका वेळ का लागतो, याचं कारण हा दुसरा टप्पा. त्यानंतर फोन चार्जरच्या विजेवर चालतो, बॅटरी थोडी उतरली तर पुन्हा किंचित भरतो. शिवाय सेलला चिकटलेल्या छोट्या पट्टीवर स्वतंत्र संरक्षक सर्किट असतं, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यास ते सेलची जोडणी तोडून टाकतं.

मग नुकसान कशाने? समजा ११ वाजता फोन लावला आणि साडेबारापर्यंत तो भरला. सकाळी ७ पर्यंतचे साडेसहा तास तो सर्वोच्च व्होल्टेजवर बसून राहिला. खोली थंड असेल, फोन टेबलावर उघडा असेल, तर एका रात्रीचं नुकसान नगण्य असतं. वर्षभराच्या हिशेबात थोडं दिसतं. पण तोच फोन उशीखाली किंवा पांघरुणात असेल तर उष्णता बाहेर जात नाही आणि पूर्ण व्होल्टेज अधिक ४० अंश अशी सर्वांत वाईट जोडी जमते. त्यामुळे फोन रात्रभर चार्जिंगला लावायला हरकत नाही. त्याला उघड्या, कडक, थंड पृष्ठभागावर ठेवा, जाड कव्हर असेल तर काढा, आणि फोनमधलं "ऑप्टिमाइज्ड" किंवा "अ‍ॅडॅप्टिव्ह" चार्जिंग चालू करा. ही सोय ८० टक्क्यांवर थांबते आणि तुमच्या उठण्याच्या वेळेच्या अंदाजाने उरलेलं भरते. पूर्ण व्होल्टेजवरचे सहा-साडेसहा तास त्यामुळे तास-दीड तासावर येतात. ती रोजच्या सवयीवरून शिकते, म्हणून झोपेची वेळ रोज वेगळी असेल तर तिचा उपयोग होत नाही; अशांनी ८० टक्क्यांची ठाम मर्यादा लावलेली बरी.

२० ते ८० च्या नियमात तथ्य आहे, पण त्याचं ओझं करून घेऊ नये. ८० टक्क्यांना सेल साधारण ४.१ ते ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, आणि वरचे हे दोन-तीन दशांश व्होल्टच सर्वांत जास्त झीज करतात. त्यामुळे वरची बाजू खरी महत्त्वाची. खालचा २० चा आकडा तितका नाही. फोन शून्य दाखवतो तेव्हा सेल खरोखर रिकामा नसतो, त्यात ३ व्होल्टच्या वर काहीतरी शिल्लक ठेवलेलं असतं. अधूनमधून ५ टक्क्यांपर्यंत उतरला तर घाबरायचं कारण नाही. रोज शून्यापर्यंत नेणं मात्र टाळा, कारण खोल चक्रात ग्रॅफाइट जास्त फुगतं-आकसतं. त्यापेक्षा ४० ते ७० अशी लहान लहान भरणी केव्हाही चांगली. "पूर्ण उतरू द्यायची, मग पूर्ण भरायची" हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची "आठवण" राहायची. लिथियम-आयनला असा त्रास नाही. आणि एक चक्र म्हणजे एकदा प्लग लावणं नव्हे. आज ६० टक्के वापरले, उद्या ४० टक्के, तेव्हा मिळून एक चक्र होतं.

८० ची मर्यादा लावावी का, यावर माझं मत असं: लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडलेलाच असेल तर नक्की लावा, ६० टक्क्यांची सोय असेल तर तीही चालेल. इथे फायदा सर्वांत मोठा, कारण अशा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण व्होल्टेजवर आणि प्रोसेसरच्या उष्णतेत महिनोन्‌महिने भाजत असते. फोनचा दिवस ८० टक्क्यांत आरामात निघत असेल तर तिथेही लावा. निघत नसेल तर लावू नका. पुढे दोन-तीन वर्षांनी जाणारे २० टक्के वाचवायला आजचेच २० टक्के सोडून देण्यात अर्थ नाही. प्रवासाच्या दिवशी बिनधास्त १०० करा, फक्त निघण्याच्या जरा आधी.

विजेच्या गाड्यांबद्दल एक फरक लक्षात ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटऱ्या आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा असं काही उत्पादक स्वतःच सांगतात. त्या सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात ३.२ ते ३.३ व्होल्टला जवळपास सपाट असतं, त्यामुळे गाडीच्या संगणकाला नेमकी किती बॅटरी उरली हे व्होल्टेजवरून कळत नाही. पूर्ण भरल्यावरच त्याला पक्की खूण सापडते. हा सल्ला फोनला लावू नये.

फास्ट चार्जिंगबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे चार्जर वीज "ढकलतो" हा. चार्जर देऊ करतो आणि फोन मागतो. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या फास्ट चार्जिंगच्या सामाईक पद्धतीत चार्जर आपली यादी सांगतो: ५, ९, १५, २० व्होल्ट, अमुक अँपिअर. फोन त्यातलं आपल्याला झेपेल ते निवडतो. १०० वॉटच्या लॅपटॉप चार्जरला २० वॉटचा फोन लावला तर तो २० वॉटच घेणार. २०२१ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीत ही कमाल मर्यादा ४८ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे २४० वॉटपर्यंत गेली. जाहिरातीतला वेग मिळत नसेल तर आधी केबल तपासा. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपुरती असते. त्यावर जायला केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते आणि ती नसेल तर फोन आणि चार्जर दोघेही मुकाट ३ अँपिअरवर थांबतात. काही कंपन्यांचं चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं, तिथे त्यांचाच चार्जर आणि त्यांचीच केबल असल्याशिवाय पूर्ण वेग येत नाही.

वेगाचं खरं नुकसान दोन वाटांनी होतं. पहिली वाट लिथियम साचण्याची. आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला वेळ घेतात. ते येण्याचा वेग शिरण्याच्या वेगापेक्षा वाढला की उरलेलं लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावरच साचतं. त्यातलं काही परत वापरात येतं, काही कायमचं मरतं, आणि फार वाईट परिस्थितीत त्याचे सुईसारखे अंकुर पडद्याच्या दिशेने वाढतात. तीन गोष्टी हे घडवतात: प्रवाह मोठा असणं, सेल थंड असणं, आणि ग्रॅफाइट आधीच बरंचसं भरलेलं असणं. म्हणूनच फास्ट चार्जिंग सुरुवातीच्या निम्म्या भागातच खरं वेगवान असतं, मग पायरी पायरीने उतरतं. म्हणूनच शून्य अंशाखाली नीट बनवलेला फोन चार्जिंग घेतच नाही किंवा अगदी हळू घेतो. कडाक्याच्या थंडीतून आत आल्यावर फोन अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा.

दुसरी वाट उष्णतेची. ६० वॉट आत जात असताना १० टक्के जरी उष्णतेत गेले तरी ते ६ वॉट होतात, आणि बंद काचेच्या सपाट पेटीत ६ वॉट खूप असतात. म्हणून बनवणाऱ्यांनी सेलचे दोन भाग केले, जास्त व्होल्टेज आत घेऊन ते निम्मं करणाऱ्या कार्यक्षम चिपा बसवल्या, उष्णता पसरवणारे पत्रे घातले. या मेहनतीमुळे चांगल्या फोनमध्ये फास्ट चार्जिंगने होणारी जादा झीज लोक समजतात त्यापेक्षा कमी असते. ती वाढते कधी? फास्ट चार्जिंग चालू असताना गेम खेळलात, व्हिडिओ कॉल केलात किंवा गाडीत उन्हात नकाशा लावलात तर. तेव्हा आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही विजेची उष्णता एकत्र होते. फोन हाताला चटका देईल इतका तापला की केबल काढा. एवढं एकच पाळलंत तरी बरंच काही साधतं. रात्री घाई नसते, तेव्हा १० वॉटचा जुना चार्जर उत्तम. वायरलेस चार्जिंगही याच न्यायाने पाहा: कॉइल थोडी सरकली तरी उष्णता वाढते, म्हणून चुंबकाने जागेवर बसणारा पॅड साध्या पॅडपेक्षा बरा.

तापमानाचा एक व्यावहारिक आकडा: अ‍ॅपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश ही वापराची मर्यादा देतं आणि ३५ च्या वर क्षमता कायमची घटू शकते असं स्पष्ट सांगतं. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड ६० अंशांच्या पुढे सहज जातो. पूर्ण भरलेला फोन तिथे विसरणं हे कित्येक रात्रींच्या चार्जिंगपेक्षा वाईट.

आता २५ टक्के दिसत असताना फोन बंद पडण्याचा प्रकार. स्क्रीनवरचा टक्का मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. बॅटरीच्या वाटेवर काही मिलिओहमचा एक रोधक असतो. त्यातून किती प्रवाह किती वेळ गेला याची चिप बेरीज-वजाबाकी करत राहते आणि फोन शांत असताना व्होल्टेज बघून चूक सुधारते. चुका साठत गेल्या की टक्का भरकटतो. पण अचानक बंद पडण्यामागे बहुधा दुसरं कारण असतं, ते म्हणजे सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला सेलच्या आतच होणारा अडथळा. आकड्यांत बघू. सेलमध्ये ३.६ व्होल्ट शिल्लक आहेत. कॅमेरा उघडला, क्षणभर ३ अँपिअर लागले. नव्या सेलचा रोध समजा ०.०५ ओहम, तर व्होल्टेज ०.१५ ने पडेल आणि ३.४५ उरेल. झिजलेल्या सेलचा रोध ०.२ ओहम झाला असेल तर ०.६ ने पडून थेट ३ व्होल्ट. तिथे फोनचं सर्किट हात वर करतं आणि सगळं बंद. वीज होती, पण ती हवी तेवढ्या जोराने बाहेर येऊ शकली नाही. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून जुने फोन थंडीत असे पडतात आणि चार्जरला लावताच पुन्हा २० टक्के दाखवतात.

२०१७ मध्ये अ‍ॅपलवर फोन मुद्दाम हळू केल्याचा मोठा गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. झिजलेल्या बॅटरीचे फोन बंद पडू नयेत म्हणून प्रोसेसरच्या विजेच्या उसळ्या सॉफ्टवेअरने दाबल्या होत्या. तांत्रिकदृष्ट्या उपाय योग्य होता. वापरणाऱ्यांना आधी सांगितलं नाही, ही चूक. बॅटरी बदलली की फोनचा वेग परत येतो, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

टक्का भरकटला असेल तर तो असा जागेवर आणा: १०० टक्के भरा, त्यानंतर आणखी तासभर चार्जरला राहू द्या, मग सामान्य वापरात फोन आपणहून बंद पडेपर्यंत उतरवा, दोन-तीन तास तसाच ठेवा, आणि बंद स्थितीतच न थांबता पुन्हा १०० करा. एवढ्याने मापक सुधारतो, बॅटरी नाही. महिन्या-महिन्याला करत बसू नका, कारण प्रत्येक वेळी एक खोल चक्र खर्च होतं. हे करूनही २५ ला बंद पडत असेल तर प्रश्न रोधाचा आहे आणि बॅटरी बदलणं हाच उपाय.

बदलायची केव्हा? क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की, ही सर्वसाधारण रेषा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखावी असा नियम लागू आहे. अ‍ॅपलने आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० चक्रांचा सांगितला आहे, आधीच्या फोनसाठी तो ५०० होता. बदलताना सुटी बॅटरी घेत असाल तर तिची निर्मिती-तारीख बघा. तीन वर्षं गोदामात पडलेली "नवी" बॅटरी बरीच झिजलेली असते. फोन स्वतः उघडणार असाल तर आधी २५ टक्क्यांच्या खाली उतरवा. चुकून सेलला इजा झालीच तर आत कमी ऊर्जा असलेली बरी. सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. चिकटपट्टी असेल तर ती सावकाश, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा. तुटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब कडेने सोडून थोडं थांबा आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचला. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटणं हा आग लावण्याचा हमखास मार्ग आहे.

पॉवरबँकेचा हिशेब सरळ आहे, फक्त तो एमएएचमध्ये न करता वॉट-तासांत करायचा. एमएएच हा आकडा ज्या व्होल्टेजला मोजला त्याच व्होल्टेजला खरा. पॉवरबँकेच्या आत ३.७ व्होल्टचे सेल असतात, म्हणून १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॉट-तास. ५,००० एमएएचचा फोन ३.८५ व्होल्टचा, म्हणजे सुमारे १९.२५ वॉट-तास. पॉवरबँक ३.७ चे ५ किंवा ९ व्होल्ट करते, त्यात साधारण १० टक्के जातात. फोन पुन्हा ते उतरवून बॅटरीत भरतो, त्यात आणखी १० टक्के. ३७ चे उरतात ३० वॉट-तास. ३० भागिले १९.२५ म्हणजे दीडच्या जरा वर. पॉवरबँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत "रेटेड कपॅसिटी" म्हणून ६,००० च्या आसपासचा आकडा असतो, तो ५ व्होल्टला बाहेर मिळणारा. दोन पॉवरबँकांची तुलना त्याच आकड्याने करा. तो छापलेलाच नसेल तर ती घेऊ नका.

विमानातही वॉट-तासच बघतात. १०० वॉट-तासांपर्यंत सामान्यतः चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि पॉवरबँक कायम केबिनमध्ये न्यायची, सामानकक्षात द्यायच्या बॅगेत नाही. २०,००० एमएएच म्हणजे ७४, २७,००० म्हणजे ९९.९, आणि ३०,००० म्हणजे १११ वॉट-तास. बाजारात २७,००० च्या आसपासचे नग का दिसतात, याचं उत्तर या गुणाकारात आहे. केबिनचा आग्रह अशासाठी की पेटलेली बॅटरी दिसली तर माणसं पाणी ओतू शकतात. खाली ती कुणाला दिसतच नाही.

फोन किंवा लॅपटॉप काही महिने बाजूला ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून, बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी बघा. पूर्ण भरून ठेवलात तर झीज वाढते. पूर्ण उतरवून ठेवलात तर त्याहून वाईट: सेल आपणहून हळूहळू उतरत २ व्होल्टच्या खाली गेला की तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट करतं. म्हणून वर्षानुवर्षं मेलेल्या पडलेल्या बॅटरीला बाहेरून झटके देऊन "जिवंत" करण्याचे व्हिडिओ बघून तसं अजिबात करू नका. संरक्षक सर्किटने तिला बंद केलं ते योग्य कारणाने.

पाठीमागची अ‍ॅप्स सतत बंद करत राहिल्याने बॅटरी वाचत नाही. अ‍ॅप पुन्हा नव्याने उघडायला जास्त वीज लागते. "बॅटरी डॉक्टर" छापाची अ‍ॅप्स सेलच्या रसायनाला हातही लावू शकत नाहीत.

"५ मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी" अशी बातमी दर काही दिवसांनी फिरते, तेव्हा चार गोष्टी शोधा: मोजमाप नाण्याएवढ्या प्रयोगशाळेतल्या सेलवर आहे की पूर्ण आकाराच्या, किती चक्रांनंतर किती क्षमता उरली, ते कोणत्या तापमानाला, आणि प्रति किलो ऊर्जा सांगताना आवरण, पत्रे, द्रव धरलेत की नुसता लेप. सिलिकॉनचं उदाहरण घ्या. एक ग्रॅम ग्रॅफाइट ३७२ एमएएच साठवतं, सिलिकॉन साधारण ३,६००. कागदावर जवळपास दसपट. पण सिलिकॉन भरताना सुमारे ३०० टक्के फुगतं आणि थोड्या चक्रांत स्वतःचाच भुगा करतं. म्हणून प्रत्यक्षात ते कार्बनच्या सांगाड्यात थोड्या प्रमाणात मिसळलं जातं, आणि तेवढ्यानेही अलीकडच्या काही फोनांत त्याच जाडीत ६,००० ते ७,००० एमएएच बसू लागले. दसपट नाही, पण खरी आणि हातात येणारी प्रगती.

शेवटी फुगलेली बॅटरी. आतला द्रव विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, मिथेन, हायड्रोजन असे वायू बनतात आणि मऊ पाकीट फुगतं. लॅपटॉपमध्ये पहिली खूण म्हणजे टचपॅडचा क्लिक जड होणं किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगणं. फोनमध्ये स्क्रीनची कड उचलली जाणं. "थोडीच फुगलीय, चालतेय" असं म्हणून एक दिवसही वापरू नका. फुगलेल्या सेलमध्ये थर एकमेकांपासून सुटलेले असतात आणि पुढच्या चार्जिंगला लिथियम नको तिथे साचतं.

उपकरण बंद करा, चार्जरपासून काढा, पुन्हा लावू नका. दाबून बसवू नका. वायू काढण्यासाठी टोचू तर मुळीच नका: वायू ज्वलनशील असतो, आतला क्षार हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार करतो, आणि टोचणारी सुई दोन्ही पट्ट्या जोडून शॉर्ट करते. फ्रीजमध्ये ठेवू नका, ओलावा धरतो. फरशीवर किंवा धातूच्या भांड्यात, कोरड्या वाळूवर, कागद-कापडापासून लांब ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. कुरियरने पाठवू नका.

धूर यायला लागला तर आत साखळी सुरू झालेली असते: ८० ते १२० अंशांदरम्यान ग्रॅफाइटवरचा थर मोडतो, सुमारे १३० ला पॉलिइथिलीनचा पडदा वितळतो, त्यापुढे ऑक्साइड स्वतः ऑक्सिजन सोडतं. म्हणून हवा कोंडून ही आग विझत नाही. तिला थंड करावं लागतं. फोन-लॅपटॉपच्या आकाराला साधं पाणी भरपूर ओता. ज्वाळा गेल्यावरही ओतत राहा, कारण लॅपटॉपमधले शेजारचे सेल मागाहून पेटतात. बर्फ किंवा घोंगडी टाकू नका, उष्णता आत कोंडते. धूर हुंगू नका, उपकरण हातात उचलून पळू नका. प्लग भिंतीला असेल तर पाण्याआधी मुख्य स्विच बंद करा. आवाक्याबाहेर वाटलं तर दार ओढून घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

काढलेली जुनी बॅटरी, फुगलेली असो वा नसो, घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत ती दाबली जाते आणि तिथेच पेटते. तिच्या उघड्या टोकांवर चिकटपट्टी लावा, वेगळ्या पिशवीत घाला आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.